ग्रहाच्या कड्यांमागची शिट्टी

बसा, जावईबापू. त्या खुर्चीवर नको, तिचा पाय मोडकाय. इकडं पेटीवर बसा. पँटीला तेलाचा डाग लागेल, तेवढा सोसा. तुम्ही कशाला आलात ते मला फाटकातून येतानाच कळलं. सासरे घरात तोंड शिवून बसलेत, कामावर येत नाहीत, विचारलं तर भिंतीकडं बघतात, हेच ना? मग ऐका. जसं झालं तसं सांगतो, काही गाळणार नाही. मध्येच मी भरकटलो तर हटकायचं. आणि तुमच्या सासऱ्याला मी अरे-तुरे करतो, तुमची बायको जन्मायच्या आधीपासूनची दोस्ती आहे आमची, तेव्हा राग मानायचा नाही.

ती खिडकीतून दिसतेय ना, ती आमची परात. कागदावर तिला लांबलचक नाव आहे, पण आभाळाकडं तोंड करून ठेवलेली परात दिसते म्हणून सगळे परातच म्हणतात, साहेबसुद्धा. आत एखादी सर्कस तंबू ठोकून बसेल एवढी मोठी. मी तिचा फिटर. गिअर, ब्रेक, बेअरिंग, ग्रीस हे माझं खातं. शाळेत मी फार टिकलो नाही. मास्तरांना मी नको होतो आणि मला मास्तर. पण परातीचं आणि माझं जमलं.

लांबलांबची यानं काय बोलतात ते ऐकायचं, हे तिचं काम. आणि यानाचा आवाज इथवर पोचेपर्यंत इतका झिजलेला असतो, म्हणजे बघा, भर बाजारात लांबून कुणीतरी फुंकर मारावी आणि आपण तेवढ्यावरून माणूस ओळखावा. तो आवाज पकडून ठेवायला बोर्डावर एक माणूस बसतो. तो माणूस तुमचा सासरा. आम्ही त्याला घार म्हणतो, घारोबा. का, तर सिग्नल कुठंही दडला तरी हा झडप घालून आणणारच. वादळ असो, यानाचं तोंड भलतीकडं वळलेलं असो, सिग्नल जरा मावळायला लागला की याची बोटं बटणांवर. परात इकडं रेटली, तिकडं रेटली, की आला. उभी हयात त्यानं हेच केलं. सिग्नल गमावणं त्याच्या लेखी म्हणजे कुणाचं तरी पोर जत्रेत हातातून सुटणं.

आता माझी भाची. धाकट्या बहिणीची मुलगी. ती कड्यांचा अभ्यास करते. बांगडीतली कडी नव्हे हो, तो एक ग्रह आहे ना, भोवती चकती असलेला, त्याची कडी. पहिल्यांदा इथं आली तेव्हा मी विचारलं, "काय गं, त्यात अभ्यास करण्यासारखं काय आहे?"

"मामा, ती सबंध चकती नाहीये. बर्फाचे गोटे, खडे, चुरा, सगळं एकत्र गरगर फिरतंय. ते कुठं दाट आहे, कुठं विरळ, गोटे केवढाले, हे शोधायचंय."

"मग यानानं जवळ जाऊन फोटो काढावा."

"फोटोत वरवरचं दिसतं. म्हणून आम्ही यान त्या कड्यांच्या मागून नेणार. मागून जाताना ते एका सुरात शिट्टी वाजवत राहील, रेडिओची. तुमची परात इथून ऐकेल. कडं विरळ असेल तिथं शिट्टी नीट येईल, दाट असेल तिथं दबेल. आणि दबताना कशी विखुरते त्यावरून गोट्यांचा आकार काढता येतो."

"म्हणजे मण्यांच्या पडद्यामागून कुणीतरी शिट्टी वाजवत चाललंय, आणि तू इकडं बसून मणी केवढे ते सांगणार."

"अगदी तसंच!"

"तुझ्या आईला भाजीत मीठ किती पडलं ते चाखूनही कळत नाही, आणि तू निघालीस."

हसली. पण तिचं हसू वरवरचं होतं, मला कळत होतं. यान म्हातारं झालेलं, इंधन सरत आलेलं, आणि उरलेल्या फेऱ्यांवर सगळ्यांचा डोळा. कुणाला वादळांचे फोटो हवे, कुणाला चंद्रांचे. हिनं अर्ज केला की नकार, अर्ज केला की नकार. शेवटी कुणीतरी दमून एक फेरी तिच्या पदरात टाकली. एकच. ती फसली तर यान दुसऱ्याच्या कामाला जाणार, आणि हिची नोकरीही याच कामापुरती. तरुणपणाची सगळी वर्षं तिनं त्या एका दुपारवर लावली होती.

आणि गंमत बघा, त्या दुपारी आमच्या माणसांनी काय करायचं होतं? काही करायचं नव्हतं! तीच तर सगळी अडचण.

समजून घ्या. परातीला एक खोड आहे. सिग्नल मंदावला की ती जागच्या जागी छोटं रिंगण घेते, इकडून जास्त येतोय की तिकडून ते चाचपडते, आणि जिकडं जास्त तिकडं वळते. रोजच्या कामाला फार उपयोगी. पण कड्यांमागं शिट्टी मंदावणार ती कड्यामुळं. तेव्हा परात चाचपडायला लागली तर सगळा घोटाळा. मग शिट्टी कड्यानं दाबली की परात भलतीकडं वळल्यामुळं दबली, हे कुणाच्या बापाला कळणार नाही. म्हणून भाचीनं सांगितलं, ती खोड बंद ठेवायची, परात नुसती गणितानं चालवायची. डोळे मिटून, दुसऱ्यानं सांगितलं तेवढी पावलं टाकायची, तसं. आणि शिट्टी मंदावली, बुडाली, मेली, तरी बोर्डाला हात लावायचा नाही.

घारोबा म्हणाला, "मेली तरी?"

"मेली तरी, काका. तिचं मंदावणं हेच मला हवंय."

"बरं," तो म्हणाला. पण मला त्याचा चेहरा दिसत होता. खाटकाला सांगावं गाईला चारा घाल, तसा.

मग सराव. भाची टेपवर खोटी शिट्टी लावायची, हळूहळू बारीक करायची, आणि घारोबानं नुसतं बसायचं. पहिल्या दिवशी हात गेला. दुसऱ्या दिवशी गेला. तिसऱ्या दिवशी भाचीनं शिट्टी बारीक केली तेव्हा हा खुर्चीसकट मागं सरकला. मी म्हटलं, "दोरी आणू का बांधायला?"

"तू तुझं ग्रीस बघ."

"नाहीतर लोकर आणतो, विणत बस. जावयाला स्वेटर होईल."

खरंच म्हणालो हो. तुमचा स्वेटर तेवढा हुकला. पण तो सुधारला. दोन्ही हातांत चहाचा मोठा मग धरून बसायला शिकला. शेवटच्या सरावाला टेप संपेपर्यंत हलला नाही. भाचीनं टाळ्या वाजवल्या. घारोबा लाजला, तुम्हाला खोटं वाटेल, पण लाजला.

मग तो दिवस आला. आणि सकाळपासून वारा.

आमच्याकडं वारा नवा नाही. फार वाढला तर परात सरळ वर तोंड करून कुलूप लावून ठेवायची, असा नियम आहे. त्या दिवशी तेवढा नव्हता, पण झोत यायचे. झोत आला की परात कण्हते. तिचा कण्हण्याचा आवाज बोर्डाच्या खोलीतसुद्धा येतो, फरशीतून, पायाला लागतो. भाची दर वेळी माझ्याकडं बघायची. मी मान हलवायचो, म्हणजे काही नाही. 

खोलीत आम्ही चौघं. घारोबा बोर्डावर. भाची त्याच्या मागं उभी, बसायला तयार नाही. साहेब कोपऱ्यात, कधी चष्मा पुसतोय, कधी घालतोय. आणि मी दारात, वर जावं लागलं तर जिना जवळ असावा म्हणून. शिट्टी स्पीकरवर लावलेली. आपण ऐकतो ती ताजी नसते बरं का. आवाज तिथून निघून इथं पोचेपर्यंत इकडं जेवण उरकून एक डुलकी होते. म्हणजे आम्ही ऐकत होतो तेव्हा यान केव्हाच पलीकडं गेलेलं. जे व्हायचं ते होऊन गेलेलं, आणि आम्ही इथं देव पाण्यात घालून बसलेलो.

बाहेरचं पातळ कडं आलं. शिट्टी थरथरली, जरा दबली, पुन्हा आली. भाचीनं श्वास सोडला. मग मोकळी जागा, तिथं शिट्टी खणखणीत. घारोबाच्या हातात तो मोठा मग होता, त्यातला चहा कधीच संपलेला.

"आता मोठं कडं," भाची म्हणाली. "इथं खूप दबेल. पण अगदी जाणार नाही. आमच्या हिशोबानं बारीकशी राहील."

शिट्टी दबली. आणखी दबली. मग मच्छर गुणगुणावा तेवढी उरली. आणि मग गेली.

गेली म्हणजे गेलीच. स्पीकरवर नुसती खरखर. भाची पुढं वाकली. "राहायला हवी होती," असं अगदी हळू म्हणाली, आमच्यासाठी नाही, स्वतःशीच. आणि त्याच वेळी एक झोत आला. फरशी कण्हली. मोठा झोत होता.

आता बघा, बोर्डावरचे आकडे म्हणत होते परात जागेवर आहे. पण ते आकडे मानेचे, म्हणजे परात जिथं वळते तिथले, खाली दात्यांपाशी मोजलेले. वाऱ्यानं वरचा पंजा, म्हणजे परातीला धरणारा सांगाडा, जरासा वाकला तर मानेला कळत नाही. हे घारोबाला माहीत, मला माहीत, साहेबाला माहीत. सगळ्यांच्या मनात एकच, कड्यानं गिळली की वाऱ्यानं परात चुकली? दोन्हीत ऐकू एकच येतं. खरखर.

आम्ही थांबलो. खरखर थांबेना. साहेबानं चष्मा काढला तो हातातच राहिला. भाचीचा हात खुर्चीच्या पाठीवर, बोटं पांढरीफटक. मला वाटलं ही आता पडते.

घारोबानं हातातला मग खाली ठेवला.

मला दिसलं. मी "अरे" म्हणालो की नाही ते आठवत नाही, पण तोंड उघडलेलं होतं एवढं खरं. त्याची बोटं गेली आणि त्यानं शोध चालू केला. परातीनं रिंगण घेतलं, पायाखाली फरशी गुरगुरली. आणि लगेच, अगदी लगेच, शिट्टी आली.

जावईबापू, सिग्नल परत आला की या खोलीत लोक खुश होतात. त्या दिवशी कुणीच हललं नाही.

घारोबा म्हणाला, "आली." आणि मग स्वतःचं बोट बघत राहिला, दुसऱ्याचं असल्यासारखं.

भाचीनं पुढं होऊन शोध बंद केला. परात पुन्हा गणितावर. शिट्टी तशीच चालू होती. पण आता त्या शिट्टीचं करायचं काय? घारोबानं परात हलवली म्हणून आली, की कडं संपत आलं म्हणून आली? त्यानं हात लावला नसता तर आपली आपण आली असती का? मधली सगळी शांतता खरी की खोटी? तिच्या सबंध आयुष्याच्या फेरीत नेमकं मधलं दाट कडं असं होऊन बसलं की त्यावर कुणी साधी पैजसुद्धा लावणार नाही.

"काका, का?" एवढंच म्हणाली.

"हात गेला गं."

साहेब तडकला. "गेला म्हणजे? इतके दिवस आपण काय झक मारत होतो?"

"परात सरकली होती," घारोबा म्हणाला. आवाज बसलेला. "वारा आलेला तुम्ही ऐकलात सगळ्यांनी. मी सरकलेली आणली जागेवर." मग माझ्याकडं वळला. "तू सांग. जा वर, बघ, आणि सांग यांना."

मी गेलो. जिना चढताना वारा कानशिलात मारत होता. दाते पाहिले, ब्रेक पाहिले, पंज्याचे बोल्ट हातानं चाचपले. सगळं ठीक. पण ठीक म्हणजे आता ठीक. मघाशी झोत आला तेव्हा पंजा केसभर वाकला होता का, आणि मग सुटून जागेवर आला का, हे लोखंड सांगत नाही. मी तिथं उभा राहिलो जरा वेळ. खाली जाऊन काय म्हणायचं? सरकली म्हणावं तर दोस्त सुटतो, पण पोरीची मधली शांतता खोटी ठरते. नाही सरकली म्हणावं तर पोरीचं खरं, आणि दोस्ताची उभी हयात एका बोटात गेली. आणि मला दोन्हींतलं काहीच माहीत नव्हतं.

खाली आलो. दोघं माझ्याकडं बघतायत. तसं कुणी कधी माझ्याकडं बघितलं नव्हतं, आणि पुन्हा कुणी बघू नये.

"कळत नाही," मी म्हणालो.

"कळत नाही म्हणजे?" घारोबा.

"म्हणजे कळत नाही. सरकली असेल, नसेलही. मी खोटं बोलणार नाही."

त्यानं मान फिरवली. भाचीनंही.

तोवर यान ग्रहाच्या मागं गेलं. तिथं शिट्टी बंद होते, अख्खा ग्रह आडवा येतो, त्यात शंका नाही, म्हणून एरवी सगळे उठतात, पाय मोकळे करतात. त्या दिवशी कुणी उठलं नाही. आणि मग भाची एकदम म्हणाली, "अजून एक बाजू आहे."

घाईत सगळ्यांच्या डोक्यातून गेलं होतं ते. यान एका बाजूनं कड्यांमागून ग्रहामागं जातं, आणि ग्रहामागून बाहेर पडताना दुसऱ्या बाजूला तीच कडी पुन्हा लागतात. उलट्या क्रमानं. आधी आतलं, मग ते मोठं दाट, मग मोकळी जागा, मग बाहेरचं.

"तीच कडी," ती म्हणाली. बोलताना भिंतीवरच्या पांढऱ्या फळ्यावर रेघा ओढत होती. "या बाजूला शिट्टी जिथं आली, तिथं त्या बाजूला जायला हवी. इकडं जिथं गेली, तिथं तिकडं यायला हवी. आपली आपण. तसं झालं तर ती शांतता कड्याचीच. आणि तिकडं बारीकशी राहिली, गेली नाही, तर..." पुढचं आम्हीच जोडलं. तर मग परात सरकली होती, वारा खरा, आणि हिची मधली मापं केराच्या डब्यात.

साहेब उठला. "ठीक. मग तू ऊठ, घारोबा. मी बसतो बोर्डावर."

घारोबा उठायलाच लागला. भाची म्हणाली, "नाही. काका बसतील."

"वेडी आहेस का? पुन्हा हात गेला तर?"

"उद्या कुणीतरी म्हणेल, तिकडं एक माणूस होता, इकडं दुसरा, त्यामुळं फरक पडला. मला कुणाला तोंड उघडायला जागा ठेवायची नाही. तीच परात, तीच खुर्ची, तोच माणूस. फरक फक्त एक. हात."

हे ती मायेनं म्हणाली की हिशोबानं, मी आजही सांगू शकत नाही. बहुतेक दोन्ही. तिची आई अशीच आहे, रागावली की जास्त वाढते ताटात.

घारोबा खाली बसला. चहाचा मग रिकामा होता, मी विचारलं, भरून आणू का? त्यानं नको म्हणून मान हलवली. दोन्ही हात मांड्यांखाली सरकवले आणि त्यांच्यावर बसला, लहान पोरं बसतात तसा.

शिट्टी आली. ग्रहाच्या कडेवरून, आधी अस्पष्ट, मग स्वच्छ. वारा अजून होताच. आतल्या पातळ कड्यात ती लहरत राहिली. भाची फळ्यावरच्या रेघेकडं बघत पुटपुटत होती, "अजून नाही, अजून नाही." आणि मी तिथं दारात उभा, आणि जावईबापू, तुम्हाला खरं सांगतो, मला मागावं काय तेच कळेना. शिट्टी गेली तर पोर जिंकली आणि दोस्त चुकला. शिट्टी राहिली तर दोस्त वाचला आणि पोर बुडाली. एका बाजूला रक्ताचं, एका बाजूला मिठाचं. माणूस निदान देवाकडं काही मागून मोकळा होतो, मला तेही नव्हतं.

"आता," भाची म्हणाली.

शिट्टी दबली. मच्छराएवढी झाली. गेली.

खरखर.

कुणी टाळी वाजवली नाही. अजून अर्धंच झालं होतं. आता परत यायला हवी होती, त्या दुसऱ्या रेघेवर, हात न लावता. नाहीच आली तर? तर सगळंच गेलं, दोन्ही बाजू. खरखर चालू. झोत आला, फरशी कण्हली. घारोबाच्या खांद्यांना कंप सुटला. माझ्या डोळ्यांसमोर त्याचे खांदे होते, म्हणून दिसलं. मानेवरून घाम ओघळत सदऱ्यात जात होता. त्याला ओरडायचं होतं, मला माहितीये. परात हाक मारत होती त्याला, सगळ्या आयुष्यात हाक आली की हा धावला होता. साहेब दोन पावलं पुढं आला, त्याचे हात धरायला. भाचीनं बोट वर केलं, थांबा. तिनं घारोबाला हात लावला नाही. नुसती त्याच्या शेजारी उकिडवी बसली, खाली, फरशीवर, आणि त्याच्यासोबत खरखर ऐकत राहिली.

किती वेळ गेला ते विचारू नका. 

मग खरखरीत एक रेघ उमटली. आधी वाटलं कानाचा भास. मग सगळ्यांना ऐकू आली. बारीक, मग जाड, मग खणखणीत. रेघेवर. हात न लावता.

मग काय विचारता! साहेबानं चष्मा हवेत उडवला आणि तो फुटला, त्याचं त्याला काही नाही. भाची हसतेय की रडतेय तिलाच कळेना, मला येऊन बिलगली, "मामा, ते इतकं दाट आहे! कुणालाच वाटलं नव्हतं इतकं दाट असेल!" मी तिला थोपटत होतो, आणि तिच्या डोक्यावरून मला दिसलं, घारोबा उठला. मांडीखालून हात काढले, ते लाल झाले होते, बोटं आखडलेली. बाहेरचं कडं अजून यायचं होतं, म्हणून शिट्टी संपेपर्यंत तो खुर्चीमागं उभा राहिला, सगळं नीट बंद केलं, डबा उचलला.

दारात माझ्यापाशी थांबला. "मघाशी तू वरून आलास ना," म्हणाला, "तेव्हा सरकली म्हणाला असतास तर मी तुझे पाय धरले असते."

"घारोबा..."

"बरं झालं म्हणाला नाहीस."

आणि गेला. तो गेला तेव्हापासून आलेला नाही.

मी घरी गेलो होतो, दोनदा. पहिल्यांदा झोपलाय म्हणाले. दुसऱ्यांदा भेटला, पण तुमची बायको तिथंच होती. ती सारखी म्हणत होती, बाबा, वारा किती होता, परात सरकली असणार, तुमची काय चूक? मायेपोटीच म्हणते बिचारी. पण ती असं म्हणाली की तो आणखी आत जातो. का ते बघा. परात सरकली नव्हती हे त्याच्याइतकं कुणाला माहीत नाही. त्यानंच हात दाबून, घाम गाळून ते सिद्ध केलंय. त्याची चूक नव्हती असं म्हणायचं तर ते दुसऱ्या बाजूचं बसणंही खोटं म्हणायला पाहिजे, आणि पोरीची मापंही. आणि त्या बसण्याला तर कुणी टाळीच वाजवली नाही, सगळ्या टाळ्या कड्यालाच मिळाल्या.

मी सांगितलं असतं. पण माझ्या तोंडून नको. त्याला वाटतं मी भाचीकडून बोलतो, आणि भाची आली तर त्याला वाटतं कीव करायला आली. साहेब तर नकोच, तो माफ केलं म्हणेल, आणि ते सगळ्यात वाईट. तुम्ही कुणाच्याच बाजूचे नाही. तुमचं तो ऐकेल.

आणि आता निकड आहे. ते कडं इतकं दाट निघालं म्हणून वरच्यांनी ठरलेलं बदललं. यान आणखी एकदा त्या कड्यांमागून नेणार आहेत, याच आठवड्यात. भाची साहेबाला म्हणाली, बोर्डावर काकाच हवेत. साहेब म्हणाला, आला तर. ती म्हणाली, नाही आले तर मी परात चालू करू देणार नाही. ती तशी हट्टी आहे, आणि मला भीती वाटते ती खरंच करू देणार नाही.

तेव्हा एक काम करा, जावईबापू. घरी गेलात की आधी बायकोला बाहेर काढा खोलीतून, काहीतरी निमित्त सांगा. मग त्याच्यासमोर बसा, डोळ्याला डोळा भिडवून, आणि सरळ सांगा, "बाबा, तुम्ही चुकलात." समजूत घालू नका, वारा म्हणू नका, वय म्हणू नका. तो चिडेल, चिडू द्या. आणि चिडून झालं की गाडीत घालून इकडं आणा त्याला.